इमारतीचे डिजिटल मॉडेल समोर ठेवून एकत्र निर्णय कसे घ्यावेत: सोसायटीच्या पुनर्विकासासाठी कार्यपद्धती

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या बैठकीत नकाशांचे मोठे कागद टेबलावर पसरले जातात, वास्तुविशारद एकेक मजला समजावून सांगतात आणि तासाभराने अध्यक्ष विचारतात, "सगळ्यांना मान्य आहे ना?" त्यानंतर जी शांतता पसरते तिलाच संमती मानले जाते. खरे तर बहुतेक सभासदांना मजल्याचा आराखडा वाचून त्यातली जागा डोळ्यांसमोर उभी करता येत नाही, आणि तसे चारचौघांत म्हणायला संकोच वाटतो. पुढे दोन वर्षांनी भिंती उभ्या राहिल्यावर कोणीतरी म्हणते, स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडणार हे आम्हाला सांगितलेच नव्हते. सांगितलेले असते, पण दिसलेले नसते.

हीच अडचण तज्ज्ञांमध्येही असते, फक्त तिचे रूप वेगळे असते. स्ट्रक्चरल सल्लागार बीमची खोली ठरवतात तेव्हा प्लंबिंग सल्लागाराचा पाइप कुठून जाणार आहे हे त्यांच्या कागदावर नसते, आणि प्लंबिंगच्या कागदावर बीम ही केवळ एक तुटक रेषा असते. इमारतीचे डिजिटल मॉडेल, ज्याला बांधकाम क्षेत्रात बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग किंवा थोडक्यात 'बिम' म्हणतात, हे या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडते. त्यात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा नसतात. तिला जाडी, उंची, साहित्य आणि मजला असतो, आणि आराखडा, छेद व परिमाणे ही सारी त्या एकाच भिंतीतून निघतात. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या उभारणीत त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्च जोडून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. सोसायटीच्या प्रकल्पाला तेवढा पसारा लागत नाही, पण शिस्त तीच लागते.

या लेखात एक नेहमीचे उदाहरण धरले आहे: पुण्यातील चार मजली, ४० सदनिकांची जुनी इमारत पाडून त्या जागी स्टिल्टवर, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या पार्किंग-तळावर, १४ मजले आणि प्रत्येक मजल्यावर ४ सदनिका, म्हणजे एकूण ५६ सदनिका बांधायच्या आहेत. बैठकीला व्यवस्थापन समिती, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार म्हणजे पीएमसी, विकासक, वास्तुविशारद आणि स्ट्रक्चर, प्लंबिंग, वीज व अग्निसुरक्षा यांचे सल्लागार बसणार आहेत.

आधी प्रश्न लिहावा, मग मॉडेल उघडावे

मी पाहिलेल्या फसलेल्या बहुतेक बैठकांची सुरुवात 'आता आपण मॉडेल पाहू' या वाक्याने झाली होती. मॉडेल फिरवले की पाहण्यासारखे खूप असते; कोणी रंगाबद्दल बोलते, कोणी गच्चीबद्दल, आणि दोन तासांनी ठरलेले काहीच नसते. म्हणून बैठकीच्या किमान आठवडाभर आधी पीएमसीने निर्णयाचे प्रश्न लेखी काढावेत, आणि प्रत्येक प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर 'हा पर्याय' किंवा 'तो पर्याय' असे देता येईल. 'पार्किंगची चर्चा' हा प्रश्न नव्हे. 'स्टिल्टमधील दोन कॉलम सरकवून चार गाड्यांची जागा वाढवायची, की कॉलम तसेच ठेवून त्या गाड्या यांत्रिक पार्किंगमध्ये न्यायच्या' हा प्रश्न आहे.

प्रश्न असा नेमका झाला की मॉडेलमध्ये काय असायला हवे हे आपोआप ठरते. वरच्या प्रश्नासाठी कॉलम, बीम, गाड्यांचे मार्ग आणि रॅम्पचा उतार अचूक हवेत. दरवाजांच्या कड्या किंवा बाथरूमच्या फरशा नकोत. बिमवर होणारा बराचसा अनाठायी खर्च कोणत्याही निर्णयासाठी न लागणारा तपशील मॉडेलमध्ये भरण्यात जातो, आणि तो खर्च शेवटी सोसायटीच्याच प्रकल्पावर पडतो, हे समितीने लक्षात ठेवावे.

त्याच कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे निर्णय कोणाचा, हेही लिहावे. मत सर्वांचे घ्यावे, पण निर्णय ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याने करावा. सदनिकेच्या आतील ओट्याची दिशा सभासदाने ठरवावी, जिन्याची व लिफ्टची जागा समितीने नियमांच्या चौकटीत ठरवावी, आणि कॉलमचे माप कमी करायचे की नाही हे केवळ स्ट्रक्चरल सल्लागारानेच सांगावे. तिथे बहुमताला स्थान नाही. मॉडेल सर्वांना दिसू लागले की प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर मत सुचते, त्यामुळे ही आखणी पूर्वीपेक्षा जास्त गरजेची होते. शिवाय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची कायदेशीर प्रक्रिया तिच्या जागी राहतेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९(अ) खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासासाठी जी संमती व जी कार्यपद्धती सांगितली आहे, तिला मॉडेलवरची चर्चा पर्याय ठरत नाही. त्या संमतीमागे समजून दिलेला होकार असावा, यासाठी मॉडेल मदत करते.

शून्यबिंदू, उत्तर दिशा आणि एकके

प्रत्येक सल्लागार आपले मॉडेल आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतो. कोणी रेव्हिटमध्ये, कोणी आर्किकॅडमध्ये, तर पोलादाचे काम असल्यास कोणी टेक्लामध्ये. ही मॉडेल एकत्र आणण्यासाठी आयएफसी नावाचे खुले स्वरूप आहे, जे आयएसओ १६७३९ या मानकात ठरवलेले आहे. करारातच लिहून घ्यावे की प्रत्येक सल्लागार मूळ फाइलबरोबर आयएफसी फाइलही देईल. त्यामुळे सोसायटी एका सॉफ्टवेअरला बांधली जात नाही, आणि समितीतील कोणालाही मोफत मिळणाऱ्या व्ह्यूअरमध्ये मॉडेल उघडता येते.

एकत्र आणलेली मॉडेल एकमेकांवर नीट बसली नाहीत तर पुढचे सारे व्यर्थ जाते. यासाठी पहिल्याच आठवड्यात टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने केलेल्या मोजणीवरून भूखंडावरचा एक शून्यबिंदू आणि त्याची पातळी ठरवावी, आणि सर्वांनी तोच बिंदू धरावा. तपासणीची एक सोपी युक्ती अशी, की प्रत्येक सल्लागाराने त्या बिंदूवर १ मीटर बाजूचा एक घन ठेवावा. मॉडेल एकत्र केल्यावर सर्व घन एकमेकांत तंतोतंत मिसळले पाहिजेत. एखादा घन बाजूला किंवा वर दिसला तर त्या मॉडेलवर त्या दिवशी चर्चा करू नये. मजल्यांच्या पातळ्यांबाबतही असेच ठरवून घ्यावे, कारण वास्तुविशारद फरशीच्या वरची पातळी धरतात आणि स्ट्रक्चरल सल्लागार स्लॅबच्या वरची, आणि या दोहोंतला ५० मिलिमीटरचा फरक पुढे जिन्याच्या शेवटच्या पायरीत उघडा पडतो.

उत्तर दिशा खरी असावी, कागदावर सोयीसाठी सरळ केलेली नसावी. सावली आणि उन्हाच्या प्रश्नांवर याचा थेट परिणाम होतो. पुण्यात २१ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणजे ४५ मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेला सुमारे ४० मीटर पडते. तिथे शेजारच्या सोसायटीची बालवाडी किंवा सौर पॅनेल असतील तर तो प्रश्न बांधकामाच्या आधी बोलून घेतलेला बरा. उलट जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य आपल्याकडे डोक्यावरून किंचित उत्तरेला, सुमारे ५ अंश कललेला असतो. उत्तरेच्या खिडकीला कधीच ऊन लागत नाही ही समजूत त्यामुळे आपल्या अक्षांशावर पूर्णपणे खरी नाही, आणि मॉडेलमध्ये तारीख व वेळ बदलून ते मिनिटभरात दाखवता येते.

मॉडेलमधल्या कोणत्या गोष्टीवर किती विसंबावे

मॉडेलचा सर्वांत मोठा धोका हा, की त्यात सगळेच सारखे पक्के दिसते. प्लंबिंग सल्लागाराने अंदाजाने ठेवलेला पाइप आणि स्ट्रक्चरल सल्लागाराने गणित करून ठरवलेला बीम पडद्यावर एकाच ठळकपणे उभे राहतात. म्हणून प्रत्येक घटकाला त्याच्या विकासाची पातळी नोंदवण्याची पद्धत आहे. १०० म्हणजे केवळ कल्पना, २०० म्हणजे अंदाजे माप व जागा, ३०० म्हणजे ठरलेले माप व जागा, ३५० म्हणजे शेजारच्या घटकांशी होणारी जोडणी धरून, आणि ४०० म्हणजे कारखान्यात किंवा साइटवर घडवता येईल इतका तपशील. ही पातळी संपूर्ण मॉडेलची नसून घटकाची असते, हे विसरू नये.

बैठकीसाठी एक साधा नियम पुरतो: जे घटक ३०० च्या खाली आहेत ते फिकट रंगात दाखवावेत. समितीतील माणसाला आकडे समजले नाहीत तरी फिकट म्हणजे अजून न ठरलेले, हे लगेच समजते. फिकट घटकावर अवलंबून असलेला निर्णय घ्यायची वेळ आली, तर तो निर्णय पुढे ढकलावा किंवा 'अमुक निश्चित झाल्यास' अशी अट घालून घ्यावा.

बाथरूमच्या खालचा पाइप: एका निर्णयाची सविस्तर कथा

आता एक प्रश्न शेवटपर्यंत पाहू, कारण एकत्र निर्णय म्हणजे काय ते त्यातून कळते. आपल्या उदाहरणात मजल्याची उंची ३००० मिलिमीटर आहे. सदनिकेतील बाथरूमला लागून ६०० मिलिमीटर खोलीचा बीम जातो, आणि शाफ्ट, म्हणजे सर्व मजल्यांतून उभे पाइप नेणारी पोकळी, त्या बीमच्या पलीकडे, ४.५ मीटर अंतरावर आहे. वरच्या मजल्याच्या संडासाचा ११० मिलिमीटर व्यासाचा पाइप बीमच्या खालून शाफ्टपर्यंत न्यायचा आहे, आणि त्याला १:६० उतार द्यायचा तर तेवढ्या अंतरात तो ७५ मिलिमीटर खाली उतरतो.

हिशेब असा होतो. ३००० मधून बीमचे ६०० आणि फरशीचे ५० वजा केले की २३५० उरतात. पाइप व उतार मिळून १८५ गेले की २१६५, आणि फॉल्स सीलिंगच्या सांगाड्यासाठी ४० धरले की सुमारे २१२५ मिलिमीटर. एवढी उंची नियमातील किमान मर्यादेच्या अगदी काठावर येते, आणि साइटवर स्लॅब थोडा खाली आला किंवा पाइपच्या जोडाला जास्त जागा लागली की ती मर्यादा ओलांडली जाते. द्विमितीय नकाशावर हे कोणालाच दिसत नाही, कारण बीम एका कागदावर, पाइप दुसऱ्यावर आणि सीलिंग तिसऱ्यावर असते. मॉडेलमध्ये त्याच जागी छेद घेतला की सगळे एकत्र दिसते.

पण दिसणे म्हणजे सुटणे नव्हे. इथे चार वाटा आहेत आणि प्रत्येक वाट वेगळ्या माणसाच्या खिशातून जाते. बीम रुंद करून त्याची खोली कमी करता येते. त्याचे पोलाद वाढेल आणि ते स्ट्रक्चरल सल्लागाराने तपासायला हवे. बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन, म्हणजे संक ठेवून, पाइप आपल्याच मजल्यात झाकता येतो; मग खालच्या घरात सीलिंग लागत नाही, पण भरावाचे वजन वाढते आणि पुढे गळती झाली तर फरशी उखडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. शाफ्ट बीमच्या अलीकडे आणता येतो. मग पाइपचे अंतर घटते, पण प्रत्येक मजल्यावर सदनिकेची काही जागा जाते. किंवा मजल्याची उंची १०० मिलिमीटर वाढवता येते. १४ मजल्यांत ती १.४ मीटर होते, बांधकामाचा खर्च वाढतो आणि काही वेळा इमारत अग्निसुरक्षा किंवा मोकळ्या जागेच्या नियमांच्या पुढच्या उंची-गटात जाऊन बसते.

बैठकीपूर्वी हे चारही पर्याय मॉडेलमध्ये तयार असावेत, आणि प्रत्येकाला त्याच चार फूटपट्ट्या लावाव्यात: बाथरूममध्ये उरणारी उंची, खर्चातला फरक, सदनिकेच्या क्षेत्रफळातला फरक आणि वीस वर्षांनी दुरुस्ती कशी होईल. शेवटची फूटपट्टी विकासकाच्या यादीत सहसा नसते, म्हणून ती समितीने आग्रहाने घालावी. त्या घरात राहणार आहेत ते सभासद. अशा प्रश्नात मी स्वतः शाफ्ट अलीकडे आणण्याच्या बाजूने असतो, कारण आखूड पाइप कमी तुंबतो आणि कमी गळतो, आणि गमावलेली जागा बऱ्याचदा दरवाजामागच्या निरुपयोगी कोपऱ्यातून काढता येते. तरीही बीम आधीच ठरून पाया ओतला गेला असेल तर हा सल्ला लागू पडत नाही; म्हणूनच हा प्रश्न पायाच्या आराखड्यांवर सही होण्यापूर्वी यायला हवा.

क्लॅशची यादी कशी वाचावी

दोन घटक एकाच जागी आले की सॉफ्टवेअर त्याला क्लॅश म्हणते. पहिल्यांदा तपासणी चालवली की हजारो क्लॅश निघतात आणि समिती घाबरते. त्यातले बहुतेक एकाच चुकीची पुनरावृत्ती असतात. एक पाइप चुकीच्या जागी असेल तर तो १४ मजल्यांवर १४ वेळा मोजला जातो. म्हणून यादी आकड्यांत न सांगता गटांत आणावी, आणि सर्वांची मॉडेल जुळवून पाहणाऱ्या समन्वयकाने एकट्याने सोडवता येणारे क्लॅश बैठकीत आणूच नयेत. केबल ट्रे २० मिलिमीटर सरकवण्यासाठी बारा माणसांचा वेळ घेणे योग्य नाही.

प्रत्यक्ष आदळणाऱ्या घटकांइतकेच महत्त्व मोकळ्या सोडायच्या जागेला द्यावे. व्हॉल्व्ह बसला पण तो फिरवायला हात जात नाही, वीजमीटरच्या पॅनेलचे दार उघडायला जागा नाही, अशा गोष्टी साध्या तपासणीत दिसत नाहीत. त्यासाठी ती मोकळी जागाच मॉडेलमध्ये पारदर्शक ठोकळा म्हणून ठेवावी लागते. अग्निशमन बंबाचा मार्गही असाच ठोकळा करून दाखवावा. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये उंच इमारतीभोवती बंबासाठी ६ मीटर रुंदीचा मार्ग आणि ९ मीटर वळण-त्रिज्येची अपेक्षा आहे. स्थानिक नियमावली आणि अग्निशमन विभागाच्या अटी तपासून तेवढा ठोकळा सर्वांच्या मॉडेलमध्ये कायमचा ठेवला, तर नंतर कोणी तिथे ट्रान्सफॉर्मर किंवा बागेचा कट्टा आणत नाही.

प्रत्येक प्रश्नासोबत त्या जागेचे दृश्य, घटकांची ओळख आणि जबाबदार व्यक्ती जोडून ठेवणारे बीसीएफ नावाचे खुले स्वरूप आहे. ते वापरले तर वास्तुविशारद आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तोच प्रश्न, त्याच कोनातून उघडू शकतात. फोनवर पडद्याचा फोटो काढून पाठवण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे आहे.

सभासदांना मॉडेल दाखवताना

ज्यांनी नकाशे कधी वाचले नाहीत त्यांच्यासमोर मॉडेल आणताना प्रामाणिकपणा फार जपावा लागतो. विस्तृत कोनाच्या कॅमेऱ्यातून १० फूट रुंद खोली १४ फुटांची भासते. म्हणून दृश्य डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे १.५ मीटरवर, आणि माणसाच्या नजरेच्या जवळचा कोन ठेवून दाखवावे. फर्निचर प्रदर्शनातले नको. घरात खरोखर जे येते तेच ठेवावे, म्हणजे सहा फुटी कपाट, दुहेरी पलंग, वॉशिंग मशीन, देव्हारा, आणि घरात वृद्ध माणूस असेल तर व्हीलचेअर. व्हीलचेअर वळण्यासाठी सुमारे १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ते वर्तुळ बाथरूमच्या फरशीवर उमटवून दाखवले की दरवाजाच्या रुंदीचा वाद पाच मिनिटांत संपतो. प्रवेशाचा रॅम्प १:१२ उताराचा हवा असेल आणि जोते ४५० मिलिमीटर उंच असेल, तर रॅम्पला ५.४ मीटर लांबी लागेल हेही त्याच वेळी दिसावे, म्हणजे शेवटी कोपऱ्यात उभा चढ बांधण्याची वेळ येत नाही.

क्रम असा ठेवावा: आधी भूखंड आणि उत्तर दिशा, मग मजल्याचा आराखडा आणि त्यात त्या सभासदाची सदनिका रंगवलेली, आणि त्यानंतरच आतील दृश्य. सरळ त्रिमितीत नेले की आपण कुठे उभे आहोत हेच लोकांना कळत नाही. पडदा न दिसणाऱ्या ज्येष्ठांसाठी तीच दृश्ये ए-३ कागदावर छापून द्यावीत. मॉडेल चालवणारी व्यक्ती, बैठक चालवणारी व्यक्ती आणि नोंद लिहिणारी व्यक्ती या तिन्ही वेगळ्या असाव्यात. बैठकीत मॉडेलमध्ये बदल करत बसू नये. 'भिंत जरा सरकवून पाहू' म्हणून सरकवलेली भिंत खालच्या मजल्यावर काय करते हे त्या क्षणी कोणीच तपासलेले नसते, पण सभासदांच्या मनात ती मंजूर झालेली असते.

क्षेत्रफळाचा आकडा

सभासदांना सर्वांत जवळचा आकडा क्षेत्रफळाचा असतो, आणि तिथेच मॉडेल सर्वांत सहज दिशाभूल करते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार चटई क्षेत्र म्हणजे सदनिकेचे वापरण्याजोगे निव्वळ क्षेत्र; त्यात बाहेरच्या भिंती, सेवा शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी व खुली गच्ची येत नाहीत, पण सदनिकेच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती येतात. सॉफ्टवेअरमधील खोल्यांची बेरीज मात्र भिंतींच्या आतल्या कडांपर्यंतच मोजली जाते. सदनिकेत १०० मिलिमीटर जाडीच्या पार्टिशन भिंती एकूण २० मीटर असतील तर त्यांचे क्षेत्र २ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २१.५ चौरस फूट होते. तेवढा फरक पडद्यावरच्या आकड्यात आणि करारातल्या आकड्यात दिसला की विश्वासाला तडा जातो, जरी कोणीही खोटे बोललेले नसले तरी.

यावर उपाय एकच: मोजणीची व्याख्या मॉडेलमध्येच बसवावी. प्रत्येक सदनिकेसाठी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे काढलेली एक स्वतंत्र क्षेत्ररेषा ठेवावी, ती विटेपासून धरली की गिलाव्यापासून हे लिहावे, आणि सर्व तक्ते त्याच रेषेवरून काढावेत. परवानगीसाठी सादर होणारे आराखडेही याच मॉडेलमधून निघाले पाहिजेत. वेगळ्या ड्रॉइंग फाइलमध्ये काढले की दोन सत्ये तयार होतात.

परिमाणे आणि बिले

मॉडेलमधून काढलेले काँक्रीटचे किंवा गिलाव्याचे परिमाण पर्यायांची तुलना करायला उत्तम असते. बिल चुकते करायला ते थेट वापरू नये. आपल्याकडे कंत्राटातील मोजमाप सहसा आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे होते आणि त्याचे स्वतःचे नियम आहेत. गिलाव्यात ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही, आणि ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट होते, कारण चौकटीच्या कडांचे काम त्यात धरलेले असते. मॉडेल मात्र दोन्ही बाजूंची खिडकी वजा करते. प्रत्येक सदनिकेत १.२ बाय १.२ मीटरच्या ५ खिडक्या धरल्या, तर ५६ सदनिकांत २८० खिडक्यांपोटी सुमारे ४०० चौरस मीटर गिलाव्याचा फरक पडतो. कंत्राटदार तो मागणारच, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते. उलट, स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्ये कॉलम व बीम जिथे मिळतात तिथले काँक्रीट दोनदा मोजले जाऊ शकते. त्यामुळे क्वांटिटी सर्व्हेअरने एका मजल्याचे हाताने मोजमाप करून मॉडेलशी ताडून पाहावे, आणि फरकाचे कारण लेखी ठेवावे.

वेळेचा क्रम

मॉडेलला कामाचे वेळापत्रक जोडले की कोणत्या महिन्यात साइट कशी दिसेल हे पाहता येते. सोसायटीच्या दृष्टीने त्यात एकच प्रश्न खरोखर मोलाचा आहे: जूनच्या पहिल्या पावसाआधी खोदाई संपून काम जमिनीच्या वर येते का? खड्डा उघडा राहिला तर शेजारच्या इमारतीची कुंपणभिंत धोक्यात येते. क्रेनचा पल्ला, काँक्रीटच्या गाड्या उभ्या राहण्याची जागा आणि शेजारच्या शाळेच्या सुटण्याच्या वेळा या गोष्टीही याच दृश्यात तपासाव्यात.

निर्णय आणि आवृत्ती यांची गाठ

आयएसओ १९६५० या २०१८ पासूनच्या मानकात माहितीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: चालू काम, इतरांशी सामायिक केलेले, मंजूर होऊन प्रसिद्ध केलेले, आणि संग्रहित. महागडी प्रणाली घेणे सोसायटीला शक्य नसेल तर सामायिक क्लाउडवर याच नावांचे चार फोल्डर करावेत आणि कोणती फाइल कोणी, कोणत्या दिवशी पुढच्या फोल्डरमध्ये नेली याची एक नोंदवही ठेवावी. बैठकीत फक्त सामायिक किंवा मंजूर फोल्डरमधलेच मॉडेल उघडावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नकाशा निर्णयाचा आधार मानू नये. कोणती आवृत्ती कोणत्या दिवशी कोणाकडे गेली हे तिथे महिनाभरानेही शोधता येत नाही. एका प्रकल्पात जिन्याच्या दोन आवृत्त्या एकाच दिवशी गटावर फिरल्या आणि सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा साचा, जुन्या आवृत्तीप्रमाणे बांधले गेले. ते उतरवून पुन्हा बांधताना जो आठवडा गेला त्याचे ओझे सभासदांच्या वाढलेल्या भाड्यावर पडले.

इतिवृत्तात प्रत्येक निर्णयासाठी पाच गोष्टी याव्यात: प्रश्न, पाहिलेले पर्याय, निवडलेला पर्याय व त्याचे कारण, निर्णय करणाऱ्याचे नाव आणि मॉडेलच्या आवृत्तीचा क्रमांक व दृश्याचा क्रमांक. कारण लिहिणे फार महत्त्वाचे आहे. सहा महिन्यांनी समिती बदलते, नवे सदस्य विचारतात की शाफ्ट इथे का आणला, आणि कारण लिहिलेले नसेल तर तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो. नाकारलेले पर्यायही संग्रहात ठेवावेत.

करारात आणखी एक वाक्य असावे: मॉडेल आणि सही केलेले आराखडे यांत विसंगती आढळल्यास काय ग्राह्य धरावे, आणि ती विसंगती किती दिवसांत, कोणी दूर करावी. आजच्या व्यवहारात सही केलेले आराखडेच ग्राह्य धरणे सुरक्षित आहे. त्याबरोबर मॉडेलचा ताबा व वापराचा हक्क प्रकल्पाच्या शेवटी सोसायटीकडे येईल, हेही तेव्हाच लिहून घ्यावे. इमारत उभी राहिल्यावर ते मागायला गेले की सल्लागारांचे काम संपलेले असते आणि देणाऱ्याची निकड उरलेली नसते.

ताबा घेताना

बांधकाम चालू असताना साइटवर झालेले बदल दर पंधरवड्याला मॉडेलमध्ये उतरवावेत. स्लॅब ओतण्यापूर्वी त्यातून जाणाऱ्या नळ्यांचे आणि भिंत बंद करण्यापूर्वी तिच्यातील पाइपांचे फोटो, मजला व खोलीच्या नावाने, मॉडेलशी जोडून ठेवावेत. ताबा घेताना समितीने फरशीखालचे आणि भिंतीतले पाइप, प्रत्येक शाफ्टमधील व्हॉल्व्हची जागा, पंप व लिफ्टची हमीपत्रे आणि वॉटरप्रूफिंगचा थर कुठे संपतो, एवढ्या गोष्टी मॉडेलमध्ये उघडून जागेवर जाऊन पाहाव्यात. दोन-तीन मजले निवडून व्हॉल्व्ह खरोखर त्याच जागी आहे का, हे हात लावून तपासावे, आणि जिथे फरक सापडेल तिथे अंतिम देयकापूर्वी मॉडेल दुरुस्त करून घ्यावे.